श्रीलंका ९ दिवस, दोघंच – आणि कार्तिकस्वामीचं काय करायचं?

करवीरची_ताई

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय. फेब्रुवारीत आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत, लेकीने केव्हाचा धोशा लावलाय की आता तरी दोघंच कुठेतरी जा, दरवेळी आत्या मावशा काकू अशी बस भरून नेऊ नका. ती म्हणत होती थायलंड, ह्यांचं चाललं होतं अंदमान, शेवटी श्रीलंकेवर तडजोड झाली कारण आम्हा दोघांनाही समुद्रात डुंबणं, दोरीवरून लटकणं वगैरे काही नको, जुनी देवळं बघायची, लहान गावातल्या बाजारातून हिंडायचं, चहा प्यायचा, एवढंच. मुंबई-कोलंबो तिकिटं काढून झालीत. ९ रात्री आहेत हातात.

ह्यांनी वहीत लिहून काढलेला प्लॅन असा: अनुराधापुर, मिहिंतले, त्रिंकोमालीचं कोणेश्वर, पोलोन्नरुवा, सिगिरिया, दंबुल्ला, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, कतरगामा, गॉल, कोलंबो. मला वाचूनच धाप लागली. त्यात ह्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, मान्य मात्र करत नाहीत. मी शाकाहारी, हे सगळं खातात. गाडी-ड्रायव्हर ठरवावा की ट्रेन-बस करत जावं तेही सांगा.

आता खरा प्रश्न, हसायचं नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, एकदम खणखणीत. त्यांना शेजारच्या कुणीतरी सांगितलं की लंकेत जिथे तिथे कार्तिकस्वामी आहे. झालं. बाईमाणसानं त्याचं तोंड बघायचं नसतं, फक्त कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका असेल तेव्हाच, आणि तुम्ही चाललाय माघात. कतरगामा तर त्याचंच मोठं ठाणं आणि ह्यांना तिथे जायचंच आहे कारण ऑफिसातले एक तमिळ सहकारी वीस वर्षं त्याचं वर्णन ऐकवत होते. मी स्वतः असलं काही मानत नाही हो, पण म्हातारं माणूस, त्यांचा शब्द मोडून जायचं आणि मग प्रवासात काही बारीकसारीक झालं तरी वर्षभर ऐकायचं, हे कोण करणार. काय करू? मी बाहेर झाडाखाली बसून राहू?

भटक्या_सातारा

ताई आधी अभिनंदन. आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतच ११ दिवस जाऊन आलो त्यामुळे हक्काने सांगतो, तो प्लॅन ९ रात्रींचा नाही, तो तीन आठवड्यांचा आहे. नकाशावर लंका एवढीशी दिसते, आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणून आपण फसतो. एक्सप्रेसवे सोडला तर रस्ते साधे दोन लेनचे, गावागावातून जाणारे, डोंगरात तर कँडी ते नुवारा एलिया पाऊणशे-ऐंशी किलोमीटरला तीन तास धरा, मधे चहाला थांबलात की साडेतीन. रोज सामान बांधायचं आणि सोडायचं यात मजा जाते.

मी असं करेन: विमानतळावरून तडक अनुराधापुर (चारेक तास), तिथे दोन रात्री, मग दंबुल्ला किंवा हबरणाला तीन रात्री, तिथून पोलोन्नरुवा सिगिरिया वगैरे रोज जाऊन येऊन, मग कँडी दोन, मग डोंगर की दक्षिण हे एक काहीतरी निवडा. कोणेश्वर हबरणाहून ८५ किमी आहे, एका दिवसात जाऊन येता येतं पण त्या दिवशी मग दुसरं काही नाही. काकांना सांगा काहीतरी सोडावं लागेल.

गाडी-ड्रायव्हरच घ्या, गुडघा असताना बसचा नाद नको. कँडी-एल्ला ट्रेन मात्र करा जमलं तर, रिझर्व्हेशन महिनाभर आधी उघडतं आणि लगेच संपतं. पावसाळ्यात दरडी पडून तो मार्ग बंद राहतो असंही होतं, तेव्हा चालू आहे का ते निघायच्या आधी विचारून घ्या. ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन पुढच्या स्टेशनला येतो, सगळ्यांना ते सवयीचं आहे.

पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका!! हे मोठ्या अक्षरात लिहितोय असं समजा. सिगिरिया, पोलोन्नरुवा, अनुराधापुर इथे परदेशी लोकांची तिकिटं डॉलरमध्ये आणि चांगली महाग आहेत, पण भारतासकट सार्क देशांच्या नागरिकांना साधारण अर्धा दर लागतो, आणि तो पासपोर्ट दाखवल्यावरच. आमचे पासपोर्ट पहिल्या दिवशी हॉटेलच्या कपाटात होते, खिडकीवरची मुलगी गोड हसली आणि पूर्ण पैसे घेतले. फोटो दाखवला, आधार दाखवलं, तरीही गोड हसली.

मोजे न्या, जुने, फेकायच्या लायकीचे. चपला काढायच्या, आणि तिथे देवळाचं आवार म्हणजे एक गाभारा नव्हे, अख्खं मैदान असतं. रुवनवेलिसाय स्तूपाभोवती दुपारी बाराला आम्ही अनवाणी चाललो, ती काळी फरशी म्हणजे तवा. आमच्या बायकोने सावलीचा एक पट्टा धरला तो सोडायलाच तयार नाही. सकाळी सातला किंवा संध्याकाळी साडेपाचला जा, तेव्हा पांढऱ्या कपड्यातली माणसं फुलं घेऊन येतात आणि ते सगळं पांढरं घुमटासारखं धूड मावळतीला गुलाबी दिसायला लागतं.

सिगिरियाच्या कातळकिल्ल्याला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघ्याला एवढंच सांगतो, चढणं नाही, उतरणं छळतं. उघडल्या उघडल्या जा. निम्म्यावर भित्तिचित्रांपर्यंत गेलात आणि तिथून परत आलात तरी पैसे वसूल. अजिंठा पाहिलेल्या माणसाला ती चित्रं बघून ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं होतं, तेच डोळे, तीच बोटं. त्यांचे फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे. खाली आरशासारखी घोटलेली भिंत आहे, तिच्यावर आठव्या शतकापासून पुढे येणाऱ्या जाणाऱ्यांनी चित्रातल्या बायकांवर कविता खरडल्यात. म्हणजे पर्यटकांनी भिंती खराब करणं हे आपल्याकडचंच नाही आणि आजचंही नाही, फक्त ते लोक निदान वृत्तात लिहायचे.

आणि एक, ड्रायव्हर कितीही भला असला तरी वाटेत “मसाल्याची बाग” नावाच्या ठिकाणी थांबवतोच. फुकट फिरवतात, फुकट पाठ चोळून देतात, मग शेवटी एक खोली येते. आम्ही गुडघेदुखीचं तेल आणि केस वाढण्याचं तेल मिळून जे काही बिल केलं ते इथे लिहीत नाही, बायको पण हे वाचते. गुडघे तसेच आहेत, केसांबद्दल बोलायला नको. बागेचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच.

नागपुरी_संत्रं

ताई, चांगली जागा निवडली तुम्ही. पण एक गोष्ट, तुम्ही सगळीकडे “देवळं” लिहून राहिल्या, तिथली बहुतेक ठिकाणं विहार आणि स्तूप आहेत, आणि पडक्या वास्तू नाहीत, चालू आहेत. लोक रोज येतात. आमच्याकडून बरेच जण जातात लंकेला, बाबासाहेब १९५० साली कँडीला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, त्यामुळे आम्हाला कँडी म्हटलं की आधी ते आठवतं, बुद्धाचा दात ठेवलेलं दंतमंदिर नंतर.

नियम सोपे आहेत पण आपल्या लोकांकडून हमखास चुकतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, सेल्फी तर नाहीच. मूर्तीचा फोटो काढा, तुमचा तिच्यासोबत नको. टोपी काढायची, खांदे गुडघे झाकलेले पाहिजेत. पांढरे किंवा फिके कपडे घातले तर बरं दिसते. दंबुल्लाला माझ्यासमोर एक कुटुंब, कुठलं ते सांगत नाही पण मराठी बोलत होते, झोपलेल्या बुद्धाच्या पायाशी पोरगं उलटं बसवून फोटो काढू लागले. रखवालदार एवढा हळू आवाजात बोलला की मलाच लाज वाटली.

अनुराधापुरला बोधिवृक्षापाशी घाई करू नका. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेहून जी फांदी घेऊन गेली तिचं ते झाड, लावल्याची नोंद असलेलं जगातलं सगळ्यात जुनं झाड म्हणतात, सव्वादोन हजार वर्षांच्या वर. पाहायला गेलं तर फार मोठं नाही, फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत, आजूबाजूची पिंपळाची दुसरी झाडंच मोठी दिसतात आणि पहिल्यांदा आपण चुकीच्या झाडाला हात जोडतो. खरं झाड वरच्या चौथऱ्यावर, कठड्याच्या आत. तिथे खाली बसा पंधरा वीस मिनिटं. पान पडलं की लोक कसे उठतात ते बघा, माझ्याजवळ एक पान पडलं होतं आणि मी हात पुढे करेपर्यंत एका आजीबाईने उचललं सुद्धा, वय सत्तरच्या खाली नसेल.

अजून एक जागा सांगतो जी तुमच्या यादीत नाही. एल्लाहून खाली कतरगामाकडे उतरताना वेल्लवायाच्या जवळ बुदुरुवगल आहे. एका सपाट कातळात सात मूर्ती कोरल्यात, मधला उभा बुद्ध ५१ फुटी. नवव्या-दहाव्या शतकाच्या आसपासचं, आणि महायान पंथाचं, त्या पंथातले अवलोकितेश्वर आहे, तारा आहे. लंका थेरवादी, म्हणजे बौद्धांच्याच दुसऱ्या पंथाची, त्यामुळे हे पाहून आश्चर्य वाटते, वेरूळ-कान्हेरी पाहिलेल्या माणसाला मात्र लगेच ओळख पटते. आम्ही गेलो तेव्हा आम्ही दोघं, एक कुत्रं आणि तिकीटवाला, एवढेच.

चहा_बिस्कीट

रामायण ट्रेल करणार नाही का कोणी?? नुवारा एलियाजवळ सीताम्माचं देऊळ आहे, ओढ्यातल्या खडकावर हनुमानाची पावलं दाखवतात, लंकेला जाऊन ते नाही बघायचं म्हणजे काय.

भटक्या_सातारा

@चहा_बिस्कीट बघायला हरकत नाही हो, आम्ही पण थांबलो. ओढा छान, देऊळ छोटं, रंगीत. पण रामायणाच्या नावाखाली पॅकेजवाले प्रत्येक वळणावर काहीतरी दाखवतात, इथे विमान उतरलं, तिथे अश्रू पडले. श्रद्धेने जाणाऱ्याने जावं, पण त्यासाठी पोलोन्नरुवाचा दिवस कापू नये. गल विहारासमोर तासभर बसा, मग सांगा. एकाच खडकातून चार मूर्ती, झोपलेला बुद्ध ४६ फुटी आणि डोक्याखालची उशी किंचित दबलेली दाखवलीय. दगडाची उशी, दबलेली.

कोलंबोत_मराठी

उशिरा बघितला धागा. मी इथे नोकरीनिमित्त सहा वर्षं आहे, बायको पुण्याची, त्यामुळे तुमच्या सासूबाईंचा प्रश्न आमच्या घरी चांगलाच ओळखीचा आहे. पर्वतीवरच्या कार्तिकस्वामीच्या देवळात बायका आत जात नाहीत हे ती लहानपणापासून बघत आलेली, आणि इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारच्या तमिळ मावशींनी तिला हाताला धरून मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकस्वामीच्याच, देवळात नेलं. तिने तिथूनच मला फोन केला, आता काय करू म्हणून, अगदी तुमच्यासारखाच.

तर गंमत अशी आहे की आपला कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, रुसून निघून गेलेला. तो रुसून दक्षिणेला गेला इथपर्यंत आपली गोष्ट, पुढे काय झालं ते आपल्याला कुणी सांगत नाही. पुढे दक्षिणेत त्याची दोन लग्नं झाली! एक देवसेना, इंद्राची मुलगी, आणि दुसरी वल्ली. इथले लोक म्हणतात वल्ली इथलीच, कतरगामाच्या जंगलातली, वेद्दा आदिवासींची पोर. ती ह्याच्याकडे बघेना, तेव्हा गणपतीने हत्ती होऊन तिला घाबरवलं आणि ती धावत ह्याच्याकडे आली, म्हणजे मोठ्या भावाने मध्यस्थी केली. कतरगामाला एका टोकाला त्याचं देऊळ, सरळ रस्ता, दुसऱ्या टोकाला वल्लीचं. जुलै-ऑगस्टच्या उत्सवात रोज रात्री मिरवणूक त्याच्या देवळातून निघून तिच्याकडे जाते. असा हा देव, जोडप्यांनी जाण्यात अडचण कसली. सासूबाईंना सांगा तो आता संसारी आहे.

तिथे सगळेच येतात हेही बघण्यासारखं. सिंहली बौद्ध त्याला कतरगाम देवियो म्हणतात, तमिळ लोक मुरुगन, आणि त्याच आवारात मशीदही आहे. आधी माणिक गंगा नदीत लोक अंघोळ करतात, मग फळांची ताटं घेऊन रांगेत. नारळावर कापूर पेटवून तो पेटता नारळ दगडावर फोडतात, जरा लांब उभे राहा. संध्याकाळची पूजा गाठा, साडेसहाच्या सुमारास. आणि आत गेल्यावर काय दिसतं ते मी सांगत नाही, ते बघून तुम्हाला तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल :)

शाकाहाराचं: काही अडचण येत नाही पण एक खाच आहे. ओल्या खोबऱ्याचं लाल तिखट पोल संबोल ताटात येतंच, आणि ते बघून आपल्याला वाटतं ही आपली चटणी. त्यात बहुतेक ठिकाणी उंबलकड म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा असतो, लुणुमिरिस नावाच्या तिखटातही असतो. “उंबलकड नेतुव” म्हणा, म्हणजे उंबलकडाशिवाय. बाकी परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, पोलोस म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, वांग्याचं आंबटगोड मोजु, इडिअप्पम म्हणजे आपल्या कोकणातल्या शिरवाळ्याच. दक्षिणेला तिस्स किंवा मातरच्या रस्त्याला मडक्यातलं म्हशीचं दही विकतात, त्यावर कितुल माडाचा काकवीसारखा पाक. माझं मत विचाराल तर ९ दिवसांत रोज तेवढंच खाल्लंत तरी चालेल.

भाषा ऐकत राहा, मजा येते. बत् म्हणजे भात, किरि म्हणजे दूध, किरिबत् म्हणजे सणासुदीचा नारळाच्या दुधातला भात. गम म्हणजे गाव, दवस म्हणजे दिवस, लुणु म्हणजे मीठ, आपलं लोण. आभार मानायला “स्तुति” म्हणतात, मला सुरुवातीला फार संकोच वाटायचा की नुसता सुट्टा पैसा दिला तर हा माझी स्तुती का करतोय.

आणि काकांना आधीच सांगून ठेवा, दर पौर्णिमेला पोया असतो, सार्वजनिक सुट्टी, त्या दिवशी दारू विकत नाहीत. फेब्रुवारीतल्या पौर्णिमेला कोलंबोत गंगारामय मंदिराची नवम पेरहेर म्हणजे मिरवणूक निघते, हत्ती, मशाली, ढोल. तारीख जुळत असेल तर शेवटची रात्र त्यासाठी ठेवा.

ईटीए, म्हणजे लंकेचा ऑनलाइन प्रवेश परवाना, फक्त सरकारी साइटवरून काढा, दिसायला तशाच दुसऱ्या साइट आहेत त्या जास्त पैसे घेतात.

करवीरची_ताई

बाई गं, किती लिहिलंत सगळ्यांनी, प्रिंट काढून ह्यांच्या वहीत चिकटवलंय. कोणेश्वर कापलं. ह्यांनी दोन दिवस तोंड पाडलं, तो समुद्रावरचा कडा, किल्ल्यात फिरणारी चितळं असं सगळं ऐकवत होते, मी म्हटलं पोर्तुगीजांनी १६२२ साली ते देऊळ पाडलं तेव्हाही लोकांनी वाट बघितली की, आपण पुढच्या वर्षापर्यंत बघू. नुवारा एलियाही कापलं. कँडी-एल्ला ट्रेनचं तिकीट मिळालं नाही, गाडीनेच जाणार. संसारी कार्तिकस्वामीचं सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, योग्य वेळ बघतेय.

करवीरची_ताई

(सव्वा महिन्यानंतर)

आलो जाऊन! सगळं लिहायला बसले तर रात्र जाईल म्हणून मनात राहिलेलंच लिहिते.

अनुराधापुरला इसुरुमुनियाचं विहार आहे, तळ्याकाठी, खडकात. तिथे एका छोट्या शिळेवर एक जोडपं कोरलंय, ती त्याच्या मांडीवर बसलीय आणि एक बोट वर करून काहीतरी सांगतेय. तिथले लोक सांगतात तो राजपुत्र सालिय आणि ती अशोकमाला, खालच्या मानलेल्या जातीतली, तिच्यासाठी त्याने सिंहासन सोडलं. मी म्हटलं बघा. हे म्हणाले, बघतोय, ती बोट दाखवून काहीतरी सुनावतेय आणि तो मुकाट ऐकतोय, सिंहासन सोडल्यावर दुसरं काय करणार. पंचविसाव्या वाढदिवसाचं हे एवढंच बोलणं झालं आमचं.

बोधिवृक्षापाशी आम्हीही चुकीच्याच झाडाला हात जोडले. संत्रंदादा, तुम्ही सांगूनसुद्धा.

सिगिरियाला हे चित्रांपर्यंत आले आणि खाली बसले, तू जा म्हणाले. मी गेले. एकटी. सिंहाच्या पंजाच्या शिल्पापासून पुढे तो लोखंडी जिना आहे ना, त्याच्यावर मधेच पाय लटपटले, मागे एक सिंहली शाळेची सहल, पांढऱ्या युनिफॉर्ममधल्या पन्नास मुली, त्यातली एक मला “आंटी, स्लोली, स्लोली” म्हणत माझ्या मागोमाग वरपर्यंत आली. वर गेल्यावर काय बघितलं हे विचाराल तर तळं, विटांची जोती आणि चहूकडे हिरवं, पण मला आठवतं ते माझं खालून येणारं नावच. हे खालून हाका मारत होते, ऐकू येणं शक्यच नव्हतं पण मला ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

कँडीला दळदा मालिगावात, म्हणजे त्या दंतमंदिरात, संध्याकाळच्या पूजेला गेलो. ढोल एवढे जवळून की बरगड्यांत वाजतात. माडीवर रांग, सगळ्यांच्या हातात फुलं, देठ नसलेली, निळी कमळं, चाफा, मोगऱ्यासारखी कसलीतरी. दरवाजा उघडतो आणि आपण सोनेरी करंडकासमोरून तीन-चार सेकंदात पुढे ढकलले जातो. दात दिसत नाही, करंडकात करंडक असे एकात एक सात आहेत. माझ्यापुढच्या बाईने फुलं ठेवली आणि ओट्यावर जागा नव्हती तर तिने दुसऱ्याची फुलं जराशी सरकवून माझ्यासाठी तळहाताएवढी जागा केली. बोलली काही नाही.

बुदुरुवगलला खरंच कुणी नव्हतं. कुत्रं मात्र होतं, बहुतेक तेच. बुद्धाच्या पायाशी दगडात दिव्याच्या ज्योतीसारखा एक कोनाडा आहे, त्यातून मोहरीच्या तेलाचा वास येतो म्हणतात. ह्यांना आला, मला नाही.

आता कतरगामा. कोलंबोकर, तुम्ही ते मुद्दाम सांगितलं नाहीत! संध्याकाळी नदीत पाय धुतले, फळांचं ताट घेतलं, त्यात लाल फुलं, अर्धं कलिंगड, अननस. मी दारापर्यंत गेले आणि थांबलेच, उगाच सासूबाई डोळ्यासमोर. हे म्हणाले, चल गं, नाहीतर ताट कोण धरणार, माझ्या हातात चपलांची पिशवी आहे. मागून एक लेकुरवाळी बाई, तिच्यामागे तिची आई, सगळ्या बायकाच बायका, त्या रेट्यात आत गेलेच. घंटा सुरू झाल्या, कापराचा धूर, पुजारी समोरून ताटं घेतोय, आणि मी मान वर करून बघते तर काय, पडदा! मूर्तीच नाही. रंगवलेला भलामोठा पडदा, त्यावर मोरावर बसलेला मुरुगन आणि दोन्ही बाजूंना दोन बायका. पडद्यामागे कुणालाच जाऊ देत नाहीत, आत पेटीत षट्कोनी यंत्र आहे अशी श्रद्धा आहे म्हणे. इतक्या लांबून येणारी सगळी माणसं त्या पडद्याला हात जोडतात आणि निम्मं ताट प्रसाद म्हणून परत घेऊन हसतखेळत बाहेर येतात, बाहेर झाडाखाली माकडं त्याच प्रसादाची वाट बघत बसलेली. आमचं कलिंगड त्यांनीच नेलं.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं खरं खरं सांगितलं. आधी गप्प. मग म्हणाल्या, पडदा होता ना, मग तोंड कुठे बघितलंस तू, काही बिघडलं नाही. मी म्हटलं पडद्यावर चित्र होतं की हो त्याचं, दोन बायकांसकट. तर म्हणाल्या, दोन? मग तो आपला नव्हेच, आपल्याचं लग्न झालेलं नाही. आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन हळूच, धाकटी कशी होती गं दिसायला?

खर्च विचारलाय एकीने व्यक्तिगत निरोपात, तो उद्या वही बघून लिहिते. दही आणि कितुलचा पाक आठ दिवस खाल्ला, एका दिवशी पोया होता आणि दुकान बंद म्हणून चुकला. मोजे दोन जोड फाटले. हे आत्ता पलंगावर बसून गुडघ्याला तेल लावतायत, लाल झाकणाची बाटली, मसाल्याच्या बागेतली. हो घेतली आम्ही, दोन घेतल्या, एक सातारकरांना पाठवते पत्ता कळवा.